आठवीत मागं राहिलेल्या लेकीसाठी लावलेला क्लास: लातूरमधला वर्षभराचा अनुभव

मी लातुरात उद्योग भवनाच्या बाजूला मुलींची मेस चालवते. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीसेक डबे जातात, दहा-बारा पोरी घरीच येऊन जेवतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे नीटच्या रिपीटर. कुणाचं दुसरं वर्ष, कुणाचं तिसरं. रिपीटर हा शब्द आमच्या भागात कुणाला टोचत नाही. रिपीटर बॅचचे बोर्ड जागोजागी लागलेले असतात, आणि हिंगोलीकडून पोरीला सोडायला आलेला बाप माझ्या ओट्यावर चहा पिता पिता सांगतो, "मावशी, आमची रिपीट करायली, जरा खाण्यापिण्याकडं बघा तिच्या."

त्याच घरात माझी मोठी लेक 2024 च्या जूनपासून आठवी दुसऱ्यांदा करत होती. तिला कुणी रिपीटर म्हटलं नाही. तिला नापास म्हटलं.

हे लिहितेय ते एका क्लासबद्दल. एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या घरावर पत्र्याची खोली आहे, तिथं संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. बाईंना नाव छापलेलं चालत नाही, म्हणून देत नाही. पत्ता कसा काढायचा ते शेवटी सांगते. पाचवी किंवा आठवीत ज्यांचं लेकरू मागं राहिलंय त्यांनी सगळं वाचा. ज्यांना फक्त मार्क वाढवायचेत त्यांना दुसरे क्लास पुष्कळ आहेत.

आधी आमच्या घरी काय झालं ते. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं होतंही. 2019 मध्ये कायदा बदलला, पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन त्याच वर्गात ठेवायची मोकळीक राज्यांना मिळाली, आणि आपल्याकडं ते 2023-24 या वर्षापासून लागू झालं. म्हणजे माझ्या लेकीची बॅच पहिलीच. आठवीला प्रत्येक विषय 60 मार्कांचा, पास व्हायला 21 लागतात. तिला इंग्रजीत 15 पडले आणि गणितात 9. निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची आणि तोवर शाळेनं जादा शिकवायचं, असा नियम आहे. जादा तास चार दिवस झाले. फेरपरीक्षेत इंग्रजी निघालं. गणित 14 वर अडकलं.

नव्या वर्गात सगळी लेकरं तिच्याहून वर्षानं लहान. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सर म्हणाले, "ही मागच्या वर्षीची आहे, हिला सगळं येतं, काही अडलं तर हिला विचारा." त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून ती वर्गाची 'ताई' झाली. ताई, गणित शिकव की. ताई, यंदा तरी सोबत येणार का नववीला? ताई, तुला लग्नाचं स्थळ आलं म्हणे. उंच म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, तिथं बाजूनं-पुढून हेच. कंपासपेटी गायब व्हायची आणि मधल्या सुट्टीनंतर फळ्याखाली सापडायची. एका आठवड्यात तीनदा सायकलची हवा सोडली. तिच्याबरोबरच्या पोरी नववीत वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. जिन्यात भेटल्या की त्या तिच्याकडं न बघता जायच्या, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागायचं.

मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसत होता तो तिचा डबा. माझे चाळीस डबे रिकामे होऊन परत येत होते आणि माझ्या लेकीचा डबा भरलेला. धपाटं तसंच, शेंगदाण्याच्या चटणीला बोट लागलेलं नाही. विचारलं की म्हणायची, भूक नव्हती.

सायकलचं कळलं तेव्हा मी शाळेत गेले. मला सांगण्यात आलं, "ताई म्हणणं ही काय शिवी झाली का? मान देतायत की पोरं." मला तिथं उत्तर सुचलं नाही. परत येताना ऑटोत सुचलं: मान द्यायचा असता तर हसले नसते.

मग आम्ही जे सगळे करतात ते केलं. मोठा क्लास लावला. एसी, प्रत्येक लेकराला ओळखपत्र, आईबापाच्या फोनवर हजेरीचा मेसेज. तिथं आत जायच्या आधी परीक्षा घेतात आणि मार्कांवर बॅच पाडतात. ती शेवटच्या बॅचमध्ये. दर पंधरा दिवसांनी मार्कांची यादी दारावर लागते. तिच्या शाळेतली दोन पोरं त्याच क्लासला होती, त्यामुळं यादीतला आकडा दुसऱ्या दिवशी शाळेत पोचायचा. सकाळी शाळेत जे होत होतं त्याची आम्ही पैसे भरून संध्याकाळीही सोय केली. दोन महिन्यांनी काढलं. भरलेली फी परत मिळाली नाही.

या बाईंचं नाव मला गंजगोलाईतल्या पुस्तकाच्या दुकानात कळलं. आठवीची गणिताची वही घ्यायला गेले होते, लेक सोबत होती. दुकानदारानं सहज विचारलं, "कितवीला गं?" आणि ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. त्या भल्या माणसानं वहीमागं फोन नंबर लिहून दिला. म्हणाला, या बाई कितवीला ते विचारत नाहीत.

आणि खरंच विचारलं नाही. मी प्रगतिपुस्तक घेऊन गेले होते, बाईंनी ते उघडलंसुद्धा नाही. "बस माय. मार्क नको सांगू. पहिल्या खेपेला आठवीत होती तेव्हा ती कोणत्या कोणत्या दिवशी शाळेत गेली नाही, तेवढं हजेरीवरून लिहून आण." मला राग आला. मी गणितासाठी आले होते. तरी चार खेपा घालून शाळेच्या क्लार्ककडून तारखा लिहून आणल्या. एकूण 61 दिवस. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली होती, त्याचे 24 दिवस मला ठाऊक होते. उरलेले 37 दिवस पोट दुखतंय, डोकं दुखतंय म्हणून अधूनमधून राहिलेली. अशक्तपणा असेल म्हणून मीच राहू दिलेली.

बाईंनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं आणि लेकीच्याच हातानं त्या तारखांवर खुणा करायला लावल्या. कॅलेंडरवर दोन उभ्या रांगा दिसायला लागल्या. बुधवार आणि शनिवार. बाई काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी लेक आपणहून बोलली, त्यांच्याशी, मी शेजारी बसलेली असताना. बुधवारी आणि शनिवारी खेळाचा तास असायचा. कावीळ होऊन गेल्यावर तिचे डोळे बरेच दिवस पिवळट होते. पोरी तिला 'पिवळी' म्हणायला लागल्या. जोड्या लावताना तिचा हात कुणी धरायचं नाही, कावीळ लागते म्हणून. खो-खोत तिला खो द्यायचा नाही. पूर्ण तास ती पाण्याच्या टाकीजवळ उभी. त्याच दोन दिवशी गणिताचे जोडतास होते. ती खेळाचा तास चुकवत होती आणि त्याच्याबरोबर गणित जात होतं.

तोवर मी सगळ्यांना एकच सांगत होते, की पोर नापास झाली म्हणून तिला चिडवतात. बाई म्हणाल्या, "नापास झाली म्हणून छळायलेत, हे अर्धं झालं. छळलं म्हणून नापास झाली, हे बी हाय." माझ्या लेकीच्या दोन वर्षांत डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट मला कळायला एक परकी बाई आणि एक जुनं कॅलेंडर लागलं. क्लासचं पहिलं कौतुक हे. गणित शिकवायला त्यानंतर सुरुवात झाली.

आता क्लास चालतो कसा. सतरंजीवर बसायचं, बाक नाहीत. वीसच लेकरं घेतात, चौथीपासून आठवीपर्यंतची एकत्र. सगळ्या वह्या-पुस्तकांना खाकी कव्हर आणि लेबलवर फक्त नाव; इयत्ता आणि तुकडी लिहायची नाही, हा नियमच आहे. शाळेचा गणवेश घालून यायचं नाही. गट इयत्तेवर पडत नाहीत, धड्यावर पडतात. अपूर्णांक न येणारी चार लेकरं एका कोपऱ्यात, मग त्यात एक पाचवीतलं असेल आणि एक आठवीतलं. गट दर दोन आठवड्यांनी मोडतात, त्यामुळं हा हुशारांचा आणि हा ढ पोरांचा असं काही तयारच होत नाही. माझी लेक पहिला दीड महिना अपूर्णांक आणि ऋण संख्याच करत होती. मी धास्तावले, आठवीचं कधी घेणार म्हणून. बाई म्हणाल्या, "फाटलं तिथून शिवावं लागतं. वरून ठिगळ लावलं तर परत उसवंल." दिवाळीच्या आसपास बैजिक राशींच्या अवयवांवर आल्या आणि तेव्हा लेकीला ते पळत यायला लागलं, कारण खालचं पक्कं झालं होतं.

इयत्ता न विचारायचा नियम कुठून आला, ते एकदा पावसात क्लास लवकर सुटला तेव्हा त्यांनी सांगितलं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी त्या औसा तालुक्यात नोकरीला होत्या. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. एकाच वर्गात लहान-मोठी सगळी बसायची. कुणाचं वर्ष बुडालेलं, कुणी मामाच्या गावाला राहून परत आलेलं. वर्ष गेलं म्हणून तिथं कुणी कुणाला हसलं नाही, कारण प्रत्येकाचं काही ना काही गेलं होतं. मी औसा तालुक्यातलीच. त्या पहाटे मी सात वर्षांची होते, आमच्या घराची एक भिंत गेली होती आणि आम्ही महिनाभर अंगणात झोपायचो. बाई काय सांगतायत ते मला फोड करून सांगावं लागलं नाही. माझ्या मेसमधल्या पोरींचंही तेच आहे. चाळीसजणी एकाच नावेत असल्या की वर्ष जाणं जड वाटत नाही. एकटीचंच गेलं की वर्ग तिला वेगळं काढतो.

हे फक्त आमच्याच शाळेत आहे का, असा प्रश्न मी एकदा जेवण वाढताना मोठ्यानं विचारला होता. मेसमधल्या एका पोरीनं, जी स्वतः नीटला तिसऱ्यांदा बसत होती, दोन दिवसांनी फोनवर एक इंग्रजी अभ्यास शोधून काढला आणि मला मराठीत समजावून सांगितला. 2021 मध्ये प्लॉस मेडिसिन नावाच्या नियतकालिकात तो आला. 2018 ची पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी दिली होती, तिच्यातली 74 देश-प्रदेशांतल्या साडेचार लाखांहून जास्त मुलांची माहिती घेऊन. ज्यांनी एखादी इयत्ता दोनदा केली होती, त्यांनी शाळेत छळ होत असल्याचं इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सांगितलं. टर उडवणं, धमकावणं, वस्तू हिसकावणं, ढकलाढकली, एकटं पाडणं, खोट्यानाट्या गोष्टी पसरवणं, सगळ्या प्रकारांत. मुलगे आणि मुली दोघांतही, आणि काही प्रकारांत मुलींच्या वाट्याला जास्त. भारत त्या 2018 च्या चाचणीत नव्हता, हेही तिनं सांगितलं. आणि आधी काय, नंतर काय ते या अभ्यासावरून ठरवता येत नाही, कारण सगळी माहिती एकाच वेळी विचारलेली आहे. मी म्हटलं, ते आमच्या कॅलेंडरवरही एकाएकी दिसलं नव्हतं. ती यादी ऐकताना माझी लेक ताटात बघत बसली होती. मग म्हणाली, "कंपासपेटीचं पण लिहिलंय?" मी म्हटलं, वस्तू हिसकावणं म्हणजे तेच की. त्या रात्री तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

बाईंची मला न आवडलेली गोष्ट इथं सांगते. मी त्यांना दोनदा विनवलं, माझ्यासोबत शाळेत चला, तुमच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी साफ नकार दिला. मला तेव्हा फार लागलं. त्यांचं म्हणणं, मी गेले तर क्लासवाली बाई आली असं होईल आणि राग पोरीवर निघेल. त्याऐवजी त्यांनी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. तोंडी काही सांगायचं नाही. तारीख, ठिकाण, काय झालं, एवढंच ओळीनं. कोण वाईट आहे ते लिहायचं नाही. खाली नेमकं काय हवंय ते: बाक बदलून द्या, वर्गात 'मागच्या वर्षीची' अशी ओळख करून देऊ नका, सुट्टीच्या वेळी सायकल स्टँडवर एक मोठं माणूस ठेवा. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला, एक सखी सावित्री समितीला, म्हणजे लेकरांच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीला. 2022 च्या मार्चमधल्या शासन निर्णयानं ही समिती शाळांमध्ये असायला हवी, हे मला बाईंकडून कळलं. आणि दोन्हींवर पोच, शिक्क्यासह. अर्ज माझ्याच अक्षरात लिहायला लावला, टाईप करू दिला नाही.

आठ दिवसांत बाक बदलला. सायकल स्टँडवर शिपाईमामा उभे राहायला लागले. ज्या सरांनी पहिल्या दिवशी तशी ओळख करून दिली होती त्यांनी लेकीला बोलावून, मला तसं म्हणायचं नव्हतं, असं सांगितलं; मला ते मोठेपणाचं वाटलं. 'ताई' मात्र अर्जानं थांबलं नाही. जोरात म्हणणं बंद झालं, हळू म्हणणं चालू राहिलं.

आणखी एक गोष्ट बाईंच्या हातची नव्हती आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, म्हणून लिहिते. सप्टेंबरमध्ये एका रात्री लेक म्हणाली, मला शाळेतच काय, कुठंच राहायचं नाही. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे माझ्या आवाक्यातलं नाही, आत्ताच्या आत्ता 14416 लाव, आणि तिला एकटं झोपवू नको." तो टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे लागत नाहीत. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, घाई केली नाही, आधी लेकीशी आणि मग माझ्याशी बोलल्या, दवाखान्यात कुणाकडं जायचं ते सांगितलं. आम्ही गेलो. लेकरांसाठीचा 1098 पण घराच्या दारामागं लिहून ठेवलाय. ज्या क्लासवाल्याला आपलं काम कुठं संपतं ते कळतं, त्याच्यावर मी विश्वास टाकते.

आता क्लासच्या उणिवा, कारण त्या आहेत. जिना लोखंडी आणि उभा आहे, पायाला अडचण असलेल्या लेकराला तिथं जाता येणार नाही, आणि बाईंनी त्यावर काही केलेलं नाही. खाली अंगणात बसवता येईल, मी सुचवलंय. मार्च-एप्रिलमध्ये पत्रा तापतो, एकच कूलर आहे, लाईट गेली की तोही बंद. लेकरं भिजलेला रुमाल डोक्याला बांधून बसतात. इंग्रजीचे सर आठवड्यातून तीनदाच येतात आणि उशिरा येतात. इंग्रजी माध्यमाची लेकरं घेत नाहीत, सेमीची घेतात. विज्ञान जेमतेम, पुस्तक वाचून घेतात. फोन दुपारी उचलत नाहीत. आईबापांना सगळ्यांसमोर बोलतात, "पोरगी मेसची पोळ्या लाटायला ठेवली का शिकायला?" हे मला वीस लेकरांपुढं ऐकावं लागलंय. मनातून मला ते पटलं आणि संध्याकाळी तिला ओट्याजवळ बोलवायचं मी बंद केलं, पण एकटीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. ज्या बाई लेकरांना चारचौघांत कमी दाखवत नाहीत त्यांनी आयांनाही तेवढं जपावं. आणि सगळ्यात मोठी अडचण, आठवीनंतर घेत नाहीत. नववीला परत शोधाशोध.

फी महिन्याला 700, महिना संपल्यावर द्यायची. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाहीत आणि कोण देतं, कोण नाही ते कुणाला कळू देत नाहीत. माझ्या मालकांचा टेम्पो दोन महिने गॅरेजला होता तेव्हा आम्ही दिली नव्हती, एकदाही विचारलं नाही.

फरक किती पडला, ते विचाराल. एप्रिल 2025 च्या परीक्षेत गणितात 60 पैकी 38. मार्कांपेक्षा मला येळवस आठवते. दरवर्षी वेळ अमावस्येला लातूर रिकामं होतं, आम्हीही गावाकडं शेतात जातो, कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, उंडे, आंबील. आदल्या वर्षी कावीळ नुकतीच सरलेली, तिला आंबीलसुद्धा देवळाच्या भांड्यासारखी लांबून ओतली होती एका काकूनं, मी ते पाहून गप्प बसले होते. क्लास लागल्यावरच्या येळवसला चुलत जावेच्या पोरानं सगळ्यांसमोर विचारलं, "तू अजून आठवीतच?" मी ताट ठेवून उठणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "हो, दुसऱ्यांदा. कावीळ झाली होती आणि शाळेत त्रास होता, गणित राहिलं. आता चाललंय चांगलं. तुला अवयव काढता येतात का?" तो नववीत. त्याला येत नव्हते. तिनं काडीनं मातीवर काढून दाखवले, त्याला हिणवायला नाही, खरंच शिकवायला. नंतर दोघं मिळून बोराच्या झाडाखाली गेले.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. ती आता नववीत आहे. एक मैत्रीण झाली आहे, डबा दोघी मिळून खातात, आणि डबा रिकामा येतो. वर्गात कुणीतरी अजून अधूनमधून 'ताई' म्हणतं. माझ्या धाकट्यानं तिला ताई म्हणणं सोडून दिलंय, नावानं हाक मारतो. तिनंच त्याला तसं सांगितलं. क्लासमध्येही लहान लेकरं तिला नावानंच हाक मारायची, बाईंनी पहिल्या आठवड्यातच तसं करून टाकलं होतं, कारण न विचारता.

लेकरू मागं राहिलंय आणि त्याचा डबा भरलेला परत येतोय, तर इथं घाला. नुसतं मागं राहिलंय आणि खाऊन-पिऊन खेळतंय, तर जवळचा कुठलाही बरा मास्तर चालेल, या बाईंची जागा अडवू नका. जागा वीसच आहेत.

गंजगोलाईत शाळेच्या पुस्तकांच्या जुन्या दुकानांत विचारा, दोन-तीन दुकानदारांना माहीत आहे. जूनचा पहिला आठवडा गाठा. दुपारी चारनंतरच जा, त्याआधी बाई झोपलेल्या असतात. प्रगतिपुस्तक नेऊ नका. मागच्या वर्षीच्या गैरहजेरीच्या तारखा शाळेतून आधीच लिहून घ्या, म्हणजे तुमच्या चार खेपा वाचतील. लेकराला सोबत न्या. आणि जिना चढताना डाव्या बाजूनं चढा, उजवीकडचा कठडा वरच्या तीन पायऱ्यांशी हलतो.